स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर सात वर्षांनी परतलेले वजन: नागपुरातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील रुग्ण ४८ वर्षांच्या प्राथमिक शिक्षिका आहेत. ओळख पटू नये म्हणून त्यांना येथे सुनंदाताई म्हटले असून काही घरगुती तपशील बदलले आहेत. त्या पूर्व नागपुरात राहतात आणि त्यांची शाळा हिंगणा मार्गावर आहे. रोज सकाळी मेट्रोने लोकमान्य नगरपर्यंत आणि तेथून पुढे शेअर ऑटोने असा प्रवास करून त्या संध्याकाळी सहानंतर घरी परततात. घरात पती, सासूबाई आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी आहे. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या चमूत शल्यचिकित्सक, मधुमेहतज्ज्ञ आणि समुपदेशक होते. प्रस्तुत लेखिका त्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते.

जानेवारी २०१८ मध्ये दुसऱ्या एका रुग्णालयात त्यांची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली होती. या शस्त्रक्रियेत जठराचा बाहेरच्या वळणाकडचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे ज्या भागात तयार होते तो वरचा घुमटही त्यात जातो, त्यामुळे केवळ जागा कमी झाल्याने नव्हे तर भूकच मंदावल्याने सुरुवातीचे वजन झपाट्याने उतरते. शस्त्रक्रियेच्या वेळी सुनंदाताईंची उंची १५७ सेंटिमीटर, वजन ११४ किलो आणि बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक) ४६ होता, शिवाय दोन गोळ्या घेऊनही मधुमेह आटोक्यात नव्हता. दीड वर्षात वजन ७४ किलोपर्यंत उतरले आणि मधुमेहाच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. २०२० च्या टाळेबंदीत तपासणीच्या तारखा चुकल्या आणि त्यानंतर त्या मूळ रुग्णालयात परत गेल्याच नाहीत.

समस्या

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या आमच्याकडे आल्या तेव्हा वजन ९१ किलो होते. उतरलेल्या ४० किलोंपैकी १७ किलो, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक वजन, परत आले होते. शस्त्रक्रियेनंतरच्या वजनवाढीची एकच सर्वमान्य व्याख्या नाही. कोणी नीचांकी वजनापेक्षा दहा किलोंहून अधिक वाढ धरतात, तर कोणी घटलेल्या वजनाच्या एक चतुर्थांशाहून अधिक वाढ. सुनंदाताई यांपैकी कोणत्याही मोजमापाने त्यात बसत होत्या.

थोडे वजन परत येणे हे मात्र अपेक्षितच असते. स्वीडनमधील लठ्ठ रुग्णांच्या दीर्घकालीन एसओएस अभ्यासात बायपास (जठराचा लहान कप्पा थेट लहान आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) झालेल्या गटाची सरासरी घट पहिल्या एक-दोन वर्षांत सुमारे ३२ टक्के होती आणि दहा वर्षांनी ती सुमारे २५ टक्क्यांवर आली होती. वजन घटलेले शरीर विश्रांतीतही कमी ऊर्जा खर्च करू लागते आणि भुकेचे संकेत हळूहळू पुन्हा तीव्र होतात. आपल्याकडे शस्त्रक्रियेआधी ही बाब सांगितली जाते खरी, पण आनंदाच्या भरात ती कोणाच्या लक्षात राहत नाही असा माझा अनुभव आहे.

पहिल्याच भेटीत सुनंदाताई म्हणाल्या, "मॅडम, काही खाऊन नाही राहिली मी, तरी वजन वाढूनच राहिलं. पोट पुन्हा मोठं झालं असंन. तेवढं एकदा लहान करून द्या." पतीचे म्हणणे वेगळे होते. "एवढा पैसा लावला, आता तोंडावर ताबा हिलाच ठेवावा लागेल," असे ते तिच्यासमोरच म्हणाले. एकाने दोष जठराला दिला होता आणि दुसऱ्याने इच्छाशक्तीला. दोन्ही निदाने तपासणीआधीच झाली होती आणि दोघांनाही आमच्याकडून केवळ दुजोरा हवा होता.

तपासणीतून काय दिसले

पहिला निर्णय असा घेतला की वजन का वाढले याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत कोणताही उपाय, विशेषतः दुसरी शस्त्रक्रिया, ठरवायची नाही. त्यासाठी रक्त तपासण्या, बेरियम गिळून काढलेले क्ष-किरण चित्रण, एंडोस्कोपी, सध्याच्या सर्व औषधांची यादी आणि आहाराची नोंदवही एवढे मागवले.

बेरियम चित्रणात जठराची नळी थोडी रुंदावलेली दिसली, पण वरचा घुमट शिल्लक राहिला आहे किंवा एखादा भाग फुग्यासारखा फुगला आहे असे काही आढळले नाही. एवढे रुंदावणे वर्षांनुवर्षांत अनेकांमध्ये होते आणि तेवढ्यावरून १७ किलोंचा उलगडा होत नव्हता. एंडोस्कोपीत मात्र अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला मध्यम दाह आणि लहानसा हायेटस हर्निया (जठराचा वरचा भाग पडद्यातून छातीकडे सरकणे) आढळला. विचारल्यावर समजले की चार वर्षांपासून रात्री घशाशी आंबट पाणी येते, कधी ठसका लागून जाग येते, आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांवर त्या वेळ मारून नेत होत्या. स्लीव्हनंतर जठरातील दाब वाढतो आणि आम्लाचा उलट प्रवाह सुरू होऊ शकतो, ही या शस्त्रक्रियेची सर्वज्ञात मर्यादा आहे.

औषधांच्या यादीने दुसरा धागा दिला. २०२२ मध्ये साखर पुन्हा वाढल्यावर मोहल्ल्यातील डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्रित गोळी सुरू केली होती. ही गोळी सर्रास दिली जाते आणि स्वस्त आहे. पण ग्लिमेपिराइडमुळे वजन वाढू शकते, आणि थोडेच खाऊ शकणाऱ्या माणसाची साखर त्याने एकदम खाली जाऊ शकते. सुनंदाताईंना शाळेत साडेअकरा-बाराच्या सुमारास हातपाय थरथरणे, घाम येणे असा त्रास होत असे. त्यावर उपाय म्हणून पर्समध्ये बिस्किटांचा पुडा आणि साखरेच्या गोळ्या कायम असत. आम्ही ग्लुकोमीटर दिल्यावर अशाच एका वेळी साखर ५८ नोंदली गेली. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर जेवणानंतर काही वेळाने साखर आपोआप घसरण्याचाही प्रकार असतो, त्यामुळे हा दोष गोळीचाच आहे असे लगेच म्हणता येत नव्हते. गोळी थांबवून पाहणे हाच त्याचा निकाल होता.

याखेरीज तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ७.६ होती, हिमोग्लोबिन १०.४, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व दोन्ही कमी होते, थायरॉइड व्यवस्थित होते.

आहाराची नोंदवही

या प्रकरणात सर्वाधिक शिकायला मिळाले ते नोंदवहीतून, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. पहिल्या आठवड्याची वही सुबक अक्षरात, तीन जेवणांच्या रकान्यांत भरलेली होती: सकाळी अर्धी वाटी पोहे, दुपारी एक पोळी आणि भाजी, रात्री वरण-भात. ही वही खोटी नव्हती. "जेवण" म्हणून जे काही पोटात गेले ते तिच्यात प्रामाणिकपणे उतरले होते. दुसऱ्या आठवड्यात आम्ही रकाने काढून टाकले आणि ओठांपलीकडे गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसह लिहावी, शक्य असेल तेथे मोबाइलवर फोटो काढून पाठवावा, एवढेच सांगितले.

त्या वहीत दिवसाला नऊ ते अकरा नोंदी आल्या. पाच वेळा चहा, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर, म्हणजे चहातूनच सुमारे पन्नास ग्रॅम साखर आणि दोनशे कॅलरी. अकरा वाजता बिस्किटे, साडेबाराला पोषण आहाराची खिचडी. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्नाची चव घ्यावी असा नियम आहे आणि शाळेत ही जबाबदारी त्यांच्याकडेच होती. चव म्हणून सुरू झालेला चमचा कालांतराने अर्ध्या वाटीवर गेला होता. संध्याकाळी परतताना सीताबर्डीला मेट्रोतून उतरून काही खरेदी असेल तर आलूबोंडा, आणि रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्यानेच टोस्ट किंवा शेव.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे वहीत काय नव्हते ते. डाळ घट्ट स्वरूपात नव्हती, उसळ नव्हती, अंडी आणि कोंबडी जवळजवळ नव्हती. प्रथिनांचा अंदाज दिवसाला ३० ते ३५ ग्रॅमवर अडकला होता, जेव्हा या शस्त्रक्रियेनंतर साधारण ६० ते ८० ग्रॅमचे उद्दिष्ट ठेवले जाते. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ते अडकते मॅडम. छातीत गोळा बसते. पोहे, खिचडी, बिस्किट चहात बुडवून, हे सरकते."

येथे दोन धागे एकत्र आले. अन्ननलिकेच्या दाहामुळे आणि मधल्या सुट्टीत घाईने जेवल्यामुळे घट्ट अन्न टोचत होते, म्हणून त्या मऊ, पिठूळ, गोड पदार्थांकडे वळल्या होत्या. असे पदार्थ अरुंद जठरातून पटकन खाली उतरतात, पोट भरल्याची जाणीव होत नाही, आणि तासाभरात पुन्हा काहीतरी हवेसे वाटते. त्यात गोळीने साखर उतरवली की बिस्किटे औषध म्हणून खावी लागत. "मी काही खात नाही" हे त्यांचे वाक्य त्यांच्या परीने खरे होते, कारण ज्याला जेवण म्हणतात ते त्या खरोखरच फारसे खात नव्हत्या.

विचारात घेतलेले पर्याय

सुनंदाताईंची मागणी जठर पुन्हा लहान करण्याची होती. नळी ठळकपणे रुंदावलेली नसताना पुन्हा स्लीव्ह केल्यास दाब आणखी वाढून आम्लप्रवाह बळावला असता, म्हणून हा पर्याय शल्यचिकित्सकांनी पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला. एंडोस्कोपीने आतून टाके घालून नळी अरुंद करण्याचा पर्यायही याच कारणाने मागे पडला.

खरा वाद रू-एन-वाय या नेहमीच्या प्रकारच्या बायपासवर झाला. स्लीव्हचे या बायपासमध्ये रूपांतर केल्यास आम्लप्रवाहाचा त्रास बहुधा सुटतो, मधुमेहाला फायदा होतो आणि वजनही काही प्रमाणात उतरते. शल्यचिकित्सकांचा कल तिकडे होता आणि त्यांचे म्हणणे वजनदार होते: दाह आहे, हर्निया आहे, बीएमआय ३७ आहे, मग थांबायचे कशासाठी? विरोधी बाजूने तीन मुद्दे मांडले गेले. पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा दुसरीत गुंतागुंतीचा धोका अधिक असतो. हिमोग्लोबिन आणि बी-१२ आधीच खाली असलेल्या व्यक्तीत बायपासने शोषण आणखी घटते. आणि ग्लिमेपिराइड, बिस्किटे व रात्रीचे खाणे बायपासनंतरही तसेच राहिले असते. मिनी बायपास, म्हणजे आतड्याला एकच जोड असलेला प्रकार, आपल्याकडे बराच केला जातो, पण त्यात पित्त वर येण्याची शक्यता असल्याने अन्ननलिकेचा दाह असलेल्या रुग्णासाठी त्याचा विचार झाला नाही.

खर्चाचा प्रश्नही होता. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार लठ्ठपणाची शस्त्रक्रिया बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ किंवा अधिक असून हृदयविकार, तीव्र निद्राश्वासरोध (झोपेत श्वास थांबणे) किंवा अनियंत्रित मधुमेह यांसारखा आजार असल्यास विमाकक्षेत येते. गोळ्यांवर ७.६ असलेली एचबीएवनसी "अनियंत्रित" ठरेल याची कोणालाच खात्री देता येत नव्हती.

औषधोपचाराचा पर्याय नेमका याच सुमारास अधिक व्यवहार्य झाला होता. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड हे भूक मंदावून वजन आणि साखर उतरवणारे, आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन भारतात उपलब्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर अपुरी घट झालेल्या रुग्णांत याच कुळातील लिराग्लुटाइड वापरून ब्रिटनमध्ये झालेल्या बारी-ऑप्टिमाइझ चाचणीत (२०२३) चोवीस आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी ८.८ टक्के उतरले होते, तर निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांचे जेमतेम अर्धा टक्का. आक्षेप एवढाच होता की ही औषधे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात आणि त्यामुळे आंबट पाण्याचा त्रास वाढू शकतो.

अखेर टप्प्याटप्प्याने जायचे ठरले: आधी चुकीची गोळी आणि दाह, मग आहार, मग इंजेक्शन, आणि बायपास खुला ठेवायचा. सुनंदाताई निराश झाल्या. त्या शस्त्रक्रियेची तारीख घ्यायला आल्या होत्या.

केलेली कृती

मधुमेहतज्ज्ञांनी ग्लिमेपिराइड थांबवून फक्त मेटफॉर्मिन ठेवले आणि तसे पत्र मोहल्ल्यातील डॉक्टरांना पाठवले. दोन आठवड्यांत दुपारची थरथर थांबली आणि पर्समधील बिस्किटांची गरज संपली. दाहासाठी आम्लरोधक गोळी सकाळी उपाशीपोटी आठ आठवडे, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच, आणि रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, असे ठरले. बी-१२ ची इंजेक्शने, लोह आणि ड जीवनसत्त्व सुरू केले. कॅल्शियम सिट्रेट स्वरूपात दिले, कारण आम्लरोधक चालू असताना कार्बोनेट नीट शोषले जात नाही.

आहारात पहिले सहा आठवडे काहीही बंद केले नाही. फक्त प्रत्येक खाण्याची सुरुवात प्रथिनाने करायची, घास लहान घ्यायचा आणि जेवताना पाणी प्यायचे नाही. घट्ट अन्न अडकते ही तक्रार खरी मानून आम्ही मऊ पण प्रथिनयुक्त पदार्थ निवडले: घट्ट वरण, मऊ शिजवलेली मोठाची (मटकीची) उसळ, अंड्याची भुर्जी, दही, कमी तेलातला झुणका. मुख्याध्यापिकेशी बोलून खिचडीची चव घेण्याची पाळी त्यांनी सहकाऱ्यांमध्ये वाटून घेतली. चहा पाचवरून तीनवर आला आणि साखर एका चमच्यावर. पूर्ण बंद करण्याचा आग्रह धरला असता तर तीन दिवसही टिकला नसता, असे मला वाटते.

समुपदेशकांनी पती आणि सासूबाईंना स्वतंत्र बोलावले. वजन वाढण्यामागे एका औषधाचाही वाटा होता हे लेखी कागदावर पाहिल्यावर पतींचा सूर बदलला. घरी वजन विचारायचे नाही, ताटाकडे पाहून बोलायचे नाही, आणि रात्रीचे जेवण साडेसातला, असे तीन करार झाले. शेवटचा सर्वांत अवघड गेला, कारण सासूबाईंना मालिका संपल्याशिवाय जेवायची सवय नव्हती. रात्रीचे उभ्याने खाणे त्यानंतर आपसूक कमी झाले. लपवायचे कारणच उरले नव्हते.

व्यायामाबाबत विदर्भाचा उन्हाळा लक्षात घ्यावाच लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना संध्याकाळी फिरायला जा असे सांगणे निरर्थक आहे. म्हणून सुट्टीत पहाटे चालणे आणि घरात रबरी पट्ट्यांनी स्नायूंचे व्यायाम असे बसवले.

जूनअखेर वजन ८८ होते आणि छातीतली जळजळ बरीच कमी झाली होती. स्वादुपिंडाचा दाह, पित्ताशयातील खडे आणि घरात थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा इतिहास नाही याची खात्री करून टिर्झेपॅटाइड २.५ मिलिग्रॅमवर सुरू केले आणि चार आठवड्यांनी ५ मिलिग्रॅम केले. पुढे मात्रा वाढवायची का, हा पुढचा निर्णयबिंदू ठरला. वजन उतरत होते, पण भूक इतकी मंदावली की प्रथिने पुन्हा ४० ग्रॅमवर घसरली. आम्ही मात्रा ५ वरच रोखली, कारण स्नायू गमावून मिळवलेले किलो या वयात पुढे महागात पडले असते.

परिणाम

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वजन ८० किलो झाले. त्याच महिन्यात मुलीचे शुल्क आणि दिवाळी एकत्र आल्याने सुनंदाताईंनी आम्हाला न कळवता इंजेक्शन थांबवले. औषध बाजारात आले तेव्हाच्या किमतीने महिन्याचा खर्च मात्रेनुसार १४,००० ते १७,५०० रुपये होता. डिसेंबरमध्ये वजन ८२.५ भरले. या वेळी त्या स्वतःहून आल्या, हा मला किलोंपेक्षा मोठा बदल वाटतो, कारण पूर्वी वजन वाढले की त्या तपासणीलाच येत नसत. खंड पडल्याने इंजेक्शन पुन्हा लहान मात्रेपासून सुरू केले. फेब्रुवारी २०२६ मध्ये वजन ७९, बीएमआय ३२ आणि एचबीएवनसी ६.२ होती. हिमोग्लोबिन १२ वर आले.

आम्लरोधक गोळी कमी करण्याचा प्रयत्न दोनदा फसला. पुन्हा केलेल्या एंडोस्कोपीत दाह सौम्य झाला होता, पण हर्निया अर्थातच जागेवर होता.

वेगळे काय करता आले असते

२०१८ च्या कागदपत्रांत "अधूनमधून आंबट ढेकर" अशी एक ओळ आहे, मात्र शस्त्रक्रियेआधी एंडोस्कोपी झाल्याची नोंद नाही. आम्लप्रवाह आधीपासून असलेल्या रुग्णात स्लीव्हऐवजी बायपासचा विचार तेव्हाच व्हायला हवा होता. दुसरा दुवा मोहल्ल्यातील डॉक्टरांचा. जठराची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात साखर परतली तर कोणती औषधे टाळावीत, हे त्यांना कोणी कळवलेच नव्हते; मूळ रुग्णालयाने रुग्णाजवळ एक साधे कार्ड दिले असते तर तीन वर्षांचे ग्लिमेपिराइड टळू शकले असते.

इंजेक्शन मार्चमध्ये उपलब्ध होताच सुरू करायला हवे होते का, यावर चमूत अजूनही मतभेद आहेत. मधुमेहतज्ज्ञांना वाटते की तीन महिने वाया गेले. माझे मत उलट आहे: दाह आणि घसरणारी साखर तशीच असताना मळमळ वाढवणारे औषध दिले असते तर सुनंदाताईंनी ते पहिल्या महिन्यातच टाकून दिले असते. खर्चाबाबत मात्र एकमत आहे. वर्षभराचा आकडा सुरुवातीलाच पतीसह बसून कागदावर मांडला आणि पैसे कमी पडल्यास काय करायचे हे आधीच ठरवले, तर दिवाळीतला खंड टाळता येतो. आता प्रत्येक नव्या रुग्णाबाबत ते पहिल्याच भेटीत केले जाते.

पुढील निर्णय

बायपासचा प्रश्न बंद झालेला नाही. आम्लरोधकाशिवाय राहता येत नसेल, किंवा पुढील एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या अस्तरात बदल दिसले, तर वजन कितीही असले तरी रूपांतर करावे असे शल्यचिकित्सकांचे मत आहे आणि चमूला ते मान्य आहे. सुनंदाताईंना शाळा बुडवायची नाही, त्यामुळे गरज पडल्यास मे महिन्याची सुट्टी धरून चालले आहे. लोह आणि बी-१२ ची पातळी तोपर्यंत टिकून राहणे ही त्यासाठीची अट आहे.